उत्तर कोण देणार

विद्यापीठातून मुलगी आली.
जिगीषा सोलंकी, काखेत वजनकाटा,
पिशवीत रक्तदाबाचा पट्टा नि अठरा पानांचा फॉर्म.
दांडिया बाजारातले आमचे तीन जिने चढून दम लागलेला,
तरी चपला काढताना आधी त्यालाच म्हणाली,
"हेरंबभाई, बेसुं?"
सत्तेचाळीस वर्षांत या घरात
बसू का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.
त्यानं खुर्चीवरची धुण्याची चळत उचलली,
माझ्या मांडीवर ठेवली.

पहिल्याच पानावर चौकट:
उत्तर कोण देणार? स्वतः / पालक.
मी पेनासाठी हात पुढे केला.
हात सवयीचा आहे.
आई गेली त्या वर्षापासून
त्याची भूक मी सांगते, त्याचा ताप मी सांगते,
त्याची जन्मतारीख, त्याचं रक्त, त्याचं नको.
मुलीनं 'स्वतः'वर खूण केली.
"तुम्हीही सांगा, बेन," म्हणाली, "पण नंतर."

नंतर म्हणजे किती, ते फॉर्ममध्ये नव्हतं.
मला सांगायचं होतं,
की अडतिसाव्या वर्षी तीन महिने
तो रात्री भिंतीवर डोकं आपटायचा
आणि रावपुऱ्यातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली.
"अशा मुलांचं असंच असतं."
अडतीस वर्षांचं मूल.
चौथ्या महिन्यात गाल सुजला तेव्हा कळलं,
दाढ होती.
अशा मुलांनाही दाढा असतात.

तिनं भिंतीवर तक्ता लावला.
अक्षरं नाहीत, चित्रं. वरून खाली लहान होत जाणारी.
"छत्री," तो म्हणाला.
"घर. आपलं नाही."
तिसऱ्या ओळीला गप्प.
"कंटाळला," मी म्हणाले, "कंटाळला की असाच बसतो."
ती काही बोलली नाही.
तक्ता काढून दोन पावलं जवळ आली.
अजून दोन.
हातभर अंतरावर तो म्हणाला, "मासा."

सुरसागरच्या काठानं रोज संध्याकाळी जाताना
तो तळ्यातल्या महादेवाला हात करायचा,
ओळखीच्या कंडक्टरला करावा तसा.
गेल्या नवरात्रापासून बंद.
मी म्हटलं, रुसला असेल.
वहीत लिहिलंसुद्धा, 'हट्टीपणा वाढलाय'.
माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, तारीख घालून.
रावपुऱ्यातल्या डॉक्टरांपेक्षा
माझं अक्षर बरं आहे,
एवढाच काय तो फरक.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

फॉर्मवर त्याचं नाव नसतं, नंबर असतो.
एकशे तेरा.
मला ते टोचलं. तो मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटला,
"एकशे तेरा!"
जणू परीक्षेत पडलेत.
शंभरापैकी.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा
त्यानं पंखा पाहिला, खिडकी पाहिली,
कठड्यावरचं कबूतर बराच वेळ पाहिलं,
मग मला.
"ताई, केसांवर काय सांडलं?"

यंदा जिगीषा पुन्हा आलीये.
तोच फॉर्म, दोन पानं वाढलेला.
एका पानावर माझेही प्रश्न आहेत म्हणे,
गुडघे, झोप, शेवटचं कधी बाहेर गेलात.
ते नंतर.
मी स्वयंपाकघरात आधणात आलं किसते.
बाहेर तो उत्तरं देतोय.
"गोड खाता?"
"नाही. कधीच नाही."
सकाळच्या जिलबीचा कागद
अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात आहे,
तेलानं आरपार दिसणारा.

मी चहा गाळते.
पेन मागत नाही.